रेडिएटर तापला नव्हता

ती. ताईंना नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिना चढताना कठडा धरता, की तो फक्त आम्ही होतो तेवढे दोन दिवस धरला? आम्ही सगळे सुखरूप घरी पोचलो. नात शाळेत जाऊ लागली, सूनबाईंची मान सरळ झाली (मागच्या सीटवर झोपून अवघडली होती), आणि मीही बरा आहे. तुमच्याकडे दोन दिवसांत मी एकूण चार वाक्यं बोललो असेन. तुम्ही ते मनाला लावून घेतलं नाही, कारण पूर्वीही मी पाचच बोलायचो. पण त्या चारांतलं एक खोटं होतं आणि ते मला टोचतं आहे. तुमच्या पंचाहत्तरीचं जेवण दुपारी एकला होतं. आम्ही उगवलो संध्याकाळी सहाला. पाहुणे पांगले होते, आमच्या वाटणीचा केक तुम्ही झाकून ठेवला होता, आणि मी दारातच सांगून टाकलं की रेडिएटर तापला होता. ताई, रेडिएटर तापला नव्हता. तीन दिवसांच्या प्रवासात घरच्यांपैकी तो एकटाच काय तो थंड डोक्याने वागला.

पहिले दोन दिवस चिरंजीवांनी गाडी चालवली. तो फोनमधल्या बाईचं ऐकून चालवतो. ती म्हणेल तिथे वळतो आणि चुकलं की तिलाच रागावतो (‘मला रागावण्यापेक्षा हे बरं’, असं सूनबाईंचं मत). तिसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आज मी चालवतो. तुमच्या घरापर्यंतचा तो शेवटचा टप्पा सहा वर्षांपूर्वी मी तुमच्या बहिणीबरोबर केला होता, आणि तिने एकूणएक वळण आपल्या वहीत टिपून ठेवलं होतं. (ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुम्ही पाहिली आहे. स्वेटरच्या विणीपासून दातांच्या डॉक्टरांच्या वेळांपर्यंत सगळं तीत आहे, आणि तीत काही सापडत नाही.) ती गेल्यापासून आठ महिने मी गाडी फाटकाबाहेर काढली नव्हती. मुलाने किल्ली दिली, पण अट घातली: ‘बाबा, आज वेळेवर पोचलो तर किल्ली तुमच्याकडे, नाही तर यापुढे माझ्याकडे.’ मी मान डोलावली. नात वही उघडून माझ्या शेजारी बसली, आणि मागे ती दोघं दहा मिनिटांत घोरू लागली.

आता लिहितो ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बहिणीला डावं-उजवं कळत नसे. डावीकडे म्हणाली की उजवीकडे जायचं असे. हे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी लक्षात आलं. मी जन्मभर दुकानांतले वजनकाटे तपासले. काटा रोज एकाच बाजूला तेवढाच चुकत असेल तर तो काटा वाईट नसतो, ती चूक धरून वाचायचा, इतकंच. म्हणून ती डावीकडे म्हणाली की मी मुकाट्याने उजवीकडे वळायचो. चौतीस वर्षांत आम्ही एकदाही रस्ता चुकलो नाही. तिला वाईट वाटेल म्हणून मी तोंड उघडलं नाही. (तोंड न उघडणं मला फारसं जड जात नाही, हे तुम्ही जाणताच.)

तर नातीने वाचलं, ‘आजोबा, पाण्याच्या टाकीपाशी डावीकडे.’ वही तुमच्या बहिणीची, अक्षर तिचं, मी गाडी झोकात उजवीकडे घेतली. पुढे शाळा आली, मग लोखंडी पूल आला, मग लाकडाची वखार. टाकी, शाळा, पूल आणि वखार या वस्तू कुठल्याही रस्त्यावर मिळतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी प्रत्येक ठिकाणी हिशोबाने उलटा वळत गेलो, आणि दोन तासांनी रस्ता एका दगडाच्या खाणीच्या फाटकापाशी संपला. पहारेकरी शांतपणे म्हणाला, ‘काका, इथून पुढे फक्त खड्डा आहे.’ मागची दोघं जागी झाली. नातीने लगेच जबानी दिली की तिने बरोबर वाचलं होतं, आजोबाच दर वेळी उलटे वळत होते, आणि मोठ्या माणसांचा काही बेत असेल म्हणून ती बोलली नाही. मुलगा म्हणाला, ‘बाबा, डावं-उजवं कळत नसेल तर कशाला हट्ट?’ आणि हात पुढे केला. मी किल्ली दिली. आईला कळत नसे, हे मी त्याला सांगणार नव्हतो.

मग मी वही हातात घेतली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं: ‘वहीत बरोबरच लिहावं, ह्यांना सांगताना मात्र उलट सांगावं. डावीकडे म्हटलं की उजवीकडे वळतात. विचारू नये, वाईट वाटेल.’

ताई, मी खाणीपाशी एका दगडावर बसून हसलो. आठ महिन्यांत मला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे सूनबाई घाबरल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं. तुमच्या दारात माझ्या सदऱ्यावर पाण्याचे डाग होते ते त्यामुळे. रेडिएटर मला तेव्हाच सुचला.

घरातल्या सर्वांचा नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
कमी बोलणारा मेहुणा

ता. क. : किल्ली चिरंजीवांच्या कचेरीतल्या खणात आहे. तो माझं ऐकत नाही, सूनबाईंचं ऐकल्यासारखं करतो, पण मोठ्या मावशीचा शब्द खाली पडू देत नाही. दोन ओळी त्याला लिहाल का? कारण काहीही द्या. वहीचं मात्र काढू नका. तिने विचारू नये म्हटलं होतं, तेव्हा मी सांगणंही बरं नव्हे.

आणखी एक : ती तुम्हाला सगळं सांगायची. हेही सांगितलं असेल. आमच्यातलं आधी कोण चुकलं, हे ठाऊक असेल तर कळवू नका.

शेवटचं : किल्ली मिळाली की पुढच्या महिन्यात एकटाच येईन म्हणतो. टपाल कचेरीपाशी तुमच्या घराकडे डावीकडे वळायचं की उजवीकडे, ते लिहा. जे असेल त्याच्या उलट लिहा.