हलकी की भारी

१२ जानेवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राचं कारण तुझी मामी. घाबरू नकोस, तब्येत आहे तशीच आहे: उजवा हात रुसलेला, वाचा गेलेली, राग मात्र पूर्वीपेक्षा ठणठणीत. ती डाव्या हाताच्या एका बोटाने कॉम्प्युटरवर टाइप करून बोलते, हे तुला ठाऊक आहेच. मोबाइल देऊन पाहिला, पण त्यावर तिचं बोट एकदम तीन अक्षरांवर पडतं. तेव्हा बोलायचं ते त्या जुन्या डब्यावरच.

पण डबा आता टेकीला आलाय. सकाळी सुरू करावा तर माझा एक शर्ट बेतून होतो तेव्हा कुठे पडदा उजळतो. मग ही टाइप करते आणि अक्षरं मागाहून रमतगमत येतात. शेजारीण गप्पा मारायला येते आणि हिचं उत्तर उमटेपर्यंत उठून घरी जाते. मी तर हल्ली सगळी भांडणं जिंकतोय. सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. आता वाटत नाही. समोरून कोणी बोललंच नाही तर जिंकण्यात काय राम.

दुरुस्तीवाला म्हणतो नवा घ्या. मामी साफ नाही म्हणते, कारण या कीबोर्डवर तिचं बोट न बघता फिरतं. काही जमतं का कळव. फोनवर सांगू नकोस, तुझ्या तोंडाला ब्रेक नाही. लिहिलंस तर पुन्हा पुन्हा वाचता येईल.

मशीन थांबवून लिहितोय, म्हणून इतकंच. माया आहे तशी राहू दे.
तुझा मामा

१८ जानेवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

भांडणं जिंकल्याबद्दल अभिनंदन. असे दिवस पुन्हा यायचे नाहीत, तेव्हा मिरवून घ्या.

डबा बिघडलेला नाही. त्याला चालवणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ती दर वर्षी फुगत गेली आणि यंत्र होतं तेवढंच राहिलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर गिऱ्हाईक अंगाने सुटलं आणि शर्ट तोच. लिनक्स नावाच्या दुसऱ्या सिस्टिमी फुकट मिळतात. सोबतच्या दोन पेन ड्राइव्हवर त्यांतली एकेक आहे. एकावर चिठ्ठी लावली आहे ‘हलकी’ आणि दुसऱ्यावर ‘भारी’. आधी हलकी लावा. यंत्र मला वाटतं त्याहून दणकट निघालं, तरच भारी. मामींची मराठी अक्षरं दोन्हींत जागच्या जागी आहेत.

पेन ड्राइव्हवरूनच नुसती चालवून पाहिलीत तर यंत्रातलं काही पुसलं जात नाही. ही कच्ची शिलाई समजा. सुरू करताना कुठली कळ दाबायची ते या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय.

मामींना नमस्कार, तुम्हाला धाकाचा नमस्कार. लोभ कमी करू नये.
तुमची खटपटी

२७ जानेवारी

चि. खटपटीस,
आशीर्वाद, पण आज जरा हात राखून.

तू मला समजलीस तरी काय? या दुकानात मी उभ्या जन्मात हलका माल येऊ दिला नाही. अस्तरसुद्धा भारीतलं वापरतो. आणि बायकोसाठी हलकं लावू? तुझी सूचना वाचली, बाजूला ठेवली आणि भारी लावली. दिसायला काय देखणी! खिडक्या झुळझुळत उघडतात, चित्रं डोलतात. मी मामीला म्हटलं, बघ, तुझ्यासाठी कसं भारीतलं आणलंय.

तिने टाइप करायला घेतलं. ‘मला’ एवढं उमटलं आणि यंत्र जे गोठलं ते गोठलं. मी पाणी आणलं. तिने मान हलवली. शाल आणली, उशी आणली, खिडकी उघडली, पुन्हा लावली. मी एकेक करत गेलो आणि ती मान हलवत गेली. शेवटी तिने टेबलावर थाप मारली आणि तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या आजारपणात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं गं.

पेन ड्राइव्ह काढून जुनंच सुरू केलं, तेव्हा तिने वाक्य पुरं केलं. तिला काहीच नको होतं. मला बोलू दे, एवढंच तिला म्हणायचं होतं. ते फार लागलं मला.

आता भारी चालत नाही आणि हलकं मी लावणार नाही. काय करू ते सांग.

राग धरू नकोस, माझ्याही मनात नाही.
तुझा मामा

२ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

चूक माझीच. कापडाच्या माणसाला मी हलकं-भारी लिहून पाठवलं. अहो, आमच्या धंद्यात हलकं म्हणजे कमी वजनाचं. हा हलका माल नाही, मलमल आहे. मलमल तुम्ही कधी पायपुसण्यांच्या गठ्ठ्यात टाकली होती का? ती देखणी भारी म्हणजे ओव्हरकोट, आणि तुम्ही तो बिचाऱ्या म्हाताऱ्या यंत्राला चढवलात.

हलकी दिसायला अगदी साधी आहे. करडी पट्टी, डोलणारं चित्र एकही नाही. मी स्वतः घरी हीच वापरते. पण निवड तुम्ही करू नका, मीही करत नाही. दोन्ही मामींपुढे ठेवा आणि तुम्ही गप्प बसा. जड जाईल, पण बसा. त्यांनी होकार दिला की पक्की कशी करायची ते सोबतच्या कागदावर आहे.

रागावलात तरी प्रेम आटू देऊ नका.
तुमची खटपटी

१९ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
मामीचे आशीर्वाद. एका बोटाने लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घे.

हलकी घेतली. दोन्ही पाहिल्या. तुझे मामा शेजारी हाताची घडी घालून बसले होते आणि न बोलण्याने त्यांना घाम फुटला होता. भारीच्या वेळी दोनदा खाकरले, मी लक्ष दिलं नाही. पक्की त्यांनीच केली, सुईत दोरा ओवावा तशी जीभ दातांत धरून. त्यांचं जास्त कौतुक करू नकोस, डोक्यावर बसतील.

आता बोट पडलं की अक्षर हजर. मागची सगळी भांडणं मी उकरून काढली आहेत. काही तर त्यांना आठवतही नाहीत, तरी हरले.

काल डॉक्टरीणबाई आल्या. मी समोर बसले असताना त्यांनी नेहमीसारखं यांनाच विचारलं की पेशंटचं कसं काय. यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तोवर मी लिहून पडदा बाईंकडे वळवला होता. मी बरी आहे, मला विचारा, एवढंच लिहिलं होतं. बाई ओशाळल्या. खुर्ची उचलून माझ्यापुढे आणली आणि बसल्या. हे चहा करायला आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. मी आणि बाई खूप बोललो.

तुझी माया मला ठाऊक आहे, ती मागत नाही. एकच सांगते. यापुढे माझी चौकशी मामांच्या पत्रात करू नकोस. मला लिही. उत्तर मी देईन.

तुझी मामी