गुस्तीनच्या ओठातला गळ

सांडोर,
उपवासकाळाचा चौथा मंगळवार

प्रिय सिप्रियनदादा,

धाकट्या भावाचा मान खाली घालून जय येशू. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, देवाची कृपा. पुण्याची हवा मानवत असेल. (डोळ्यावर ताण येत असेल तरी हे पत्र तुमच्या लेकाकडून, स्टीवनकडून, वाचून घेऊ नका. चार दिवस थांबा, पण स्वतःच वाचा.) फोनच करणार होतो, पण तुमचा आवाज ऐकला की माझा बसतो.

जाताना तुम्ही गास गावची वाडी माझ्यावर सोपवलीत. केळींना बावखलाचं पाणी सोडायचं, त्या तळ्यात पालापाचोळा साठू द्यायचा नाही आणि त्यातल्या गुस्तीनला हात लावायचा नाही, एवढीच तीन कामं. पहिली दोन चोख केली. हा रोहू मासा बोटाएवढा होता तेव्हापासून अँजेलिनावहिनींनी पाव घालून आठ किलोचा केला, त्याला नाव ठेवलं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण निघताना तुम्ही म्हणालात, "तो गळाला लागायचा नाही. गळाची जाड तंगूस त्याला दिसते आणि बारीक तो तोडतो." दादा, तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला असं सांगू नये. मला त्याला मारायचं नव्हतं, फक्त पकडून सोडायचं होतं. (लिहिताना माझं मलाच पटत नाही.)

वहिनी देवळात सकाळच्या मिस्साला गेल्या की मी बावखलाच्या पायरीवर बसायचो. होय, मिस्साच्याच वेळी, आणि तेही उपवासकाळात. गळाच्या वरचा नायलॉनच्या दोऱ्याचा हातभर तुकडा, ज्याला हल्लीची पोरं लीडर म्हणतात, तो मी बारीक बारीक करत गेलो. अर्ध्या मिलिमीटरची तंगूस लावली तर गुस्तीन जवळ आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि वळला. पस्तीसची लावली (म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पस्तीस), तेव्हा त्याने भोवतीचा पाव कुरतडून गळ तेवढा माझ्यासाठी ठेवला. शेवटी बाविसावर उतरलो. ती पाण्यात मला दिसेना आणि त्यालाही दिसली नाही. त्याने तोंड मारलं, एकच हिसका दिला, आणि मी बसल्या जागेवरून मागे केळीत पडलो. तंगूस तुटली, गळ राहिला त्याच्या ओठात.

त्या दिवसापासून गुस्तीन वर येत नाही. वहिनी हाका मारून दमतात आणि पाव तसाच परत नेतात. तू मास्तर आहेस, पाण्यात काय बिघडलंय ते बघ, असं त्यांनी मला सांगितलं. मी निर्लज्जासारखं बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरलं आणि बदकांवर खापर फोडलं. झालं, शेजारच्या उर्सुलाबाईंची सहा बदकं बावखलातून हद्दपार झाली. आता दोघी देवळात एका बाकावर बसत नाहीत, आणि प्रत्येकीला वाटतं मी तिच्याच बाजूचा. काल वहिनींनी रोझरीनंतर गुस्तीनसाठी एक जादा प्रार्थना ठेवली आणि ती मलाच सांगायला लावली. दादा, मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या वतीने तुम्हीच त्यांना फोनवर सांगाल का? तुमचं त्या ऐकतात.

तुमचा अपराधी,
क्लेमेंट

ता. क. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. आज सकाळी मीच वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्या उठल्या. पदर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि पाव हातात धरून तासभर उभ्या राहिल्या. गुस्तीन आला. त्यांनी धरला, मी पक्कडीने गळ काढला. मग मी जाऊन उर्सुलाबाईंची माफी मागितली. तेव्हा फोन करू नका.

ता. क. दुसरा. गुस्तीनच्या ओठाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक गळ निघाला, गंजलेला, वीतभर तंगूस अजून लटकत होती. मी जाडी मोजली, अठरा. माझ्याहूनही बारीक. गाठ तुमची होती, लहानपणी मला शिकवून शिकवून थकलात ती. हा कुणाचा, असं वहिनींनी विचारलं. मी म्हटलं, तोही माझाच. त्यांनी गाठ नीट निरखली आणि म्हणाल्या, "क्लेमेंट, तुला एवढी चांगली गाठ कधीपासून यायला लागली?" तो गळ धुऊन, पुसून त्यांनी तुमच्या जेवायच्या ताटात ठेवलाय आणि वर झाकण घातलंय. एकच विनंती आहे, तुम्ही याल त्या दिवशी मला जेवायला थांबवू नका.