कोठीतलं पितळ

२१ एप्रिल, सोमवार. तेल्हारा.

अकोल्याहून सकाळच्या एसटीनं निघालो. खिडकीजवळची जागा मिळाली. तेल्हाऱ्यात उतरलो तर खुशालरावांनी धाडलेला ऑटो उभा. मान मिळाला की माझा हातही नीट चालतो. घर दोन मजली, सिमेंटचं, नवंच म्हणा. जुन्या घराची फक्त मागची कोठी राखली आहे: दगडी भिंती, एक दार, खिडकी नाही. मला वरची खोली दिली, कूलरसकट. जेवायला स्वयंपाकाच्या पार्बताबाईंच्या हातची ज्वारीची भाकर अन् ठेचा. आणखी काय पाहिजे.

माझा धंदा लोकांना अजून समजावून सांगावा लागतो. म्हातारं माणूस हयात आहे तोवर घरातली कोणती वस्तू कोणाला जाईल हे मी ठरवून घेतो आणि वस्तूवर त्याचं नाव घालून देतो. वावराचं मृत्युपत्र वकील करतात. पण भाऊ-बहीण तुटतात ते वावरावरून नाही, आईच्या पाणी भरायच्या पितळी गुंडावरून. हे कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. सातवीनंतर मी जे शिकलो ते पाहून, चुकून, पुन्हा करून. नाव घालायची मशीन माझी स्वतःची, सुईला धारही मीच लावतो.

खुशालराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तब्येत खणखणीत. मुलगा बंडू अमरावतीला, मुलगी ज्योत्स्ना अकोल्याला. मायामागं पोराईत कटकट नको, म्हणाले.

२२ एप्रिल, मंगळवार

आज कोठी उघडली. किल्ली खुशालरावांच्या करदोड्याला असते, कोणाच्या हाती देत नाहीत. आत सगळं पितळ: गुंड, गंज, कोपर, एक घंगाळ, तांबे. जाड, जुन्या घडणीचं. प्रत्येकावर छिन्नीच्या ठिपक्यांनी एकच ओळ: चि. वच्छला हिस आईकडून. अक्षर अगदी गावठी. ओळ तिरपी, ‘छ’ची शेपटी खाली घसरलेली. असं काम मी कोणाला दाखवायला लाजलो असतो.

वच्छला म्हणजे खुशालरावांची पहिली बायको. लग्नानंतर वर्षाच्या आत गेली, मूलबाळ नाही. ते नाव घासून ज्योत्स्नाचं घालायचं, असं काम. सून मागं मूल न ठेवता गेली तर तिची भांडी माहेरी परत जातात, ही आपल्याकडची रीत. ती मी एकदा बोलून दाखवली. खुशालराव म्हणाले, पन्नास वर्सं माया घरात आहेत, मायीच झाली. देवराव, तुमी नाव घासाले आले का मले रीत शिकवाले? मी हसलो. घर त्यांचं.

दिवसभर पॉलिश कागद, मग चिंच अन् राख. शेवटी बोट फिरवलं तरी पत्ता लागत नाही की इथं कधी काही लिहिलेलं होतं. ज्योत्स्नाचं नाव छापील अक्षरासारखं बसलं.

२४ एप्रिल, गुरुवार

चांदूर बाजारहून वच्छलाचा भाऊ आला होता, केशवराव. सत्तरीपुढचा, धोतर-टोपी, हातात कापडी पिशवी. भांडी वाटून राहिलेत असं त्याच्या कानावर गेलं होतं. सगळी मागत नाही, म्हणाला. आईची आठवण म्हणून एक तांब्या द्या.

खुशालरावांनी मला हाक मारली. कालच घासलेला एक तांब्या, नवं नाव घालायचा राहिलेला, मी आणून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, तुमच्या बहिणीचं नाव दाखवा अन् घेऊन जा. त्यानं तांब्या फिरवून पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अंगठा फिरवत राहिला. खुशालराव ठसका लागेपर्यंत हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. हात साफ असला की असा दिसतो.

त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला. पार्बताबाईंनी पाणी पुढं केलं, ते घेतलं नाही. जाताना कोठीच्या दाराकडं तोंड करून, बहीण आत असावी तसं म्हणाला, बाई, आता तुयं तूच पाह्य.

२५ एप्रिल, शुक्रवार

भर दुपारी लाईन गेली. मशीन बंद, कूलर बंद. तेव्हा कोठीतून आवाज आला, पितळेवर काही ठोकावं तसा. टक. टक. जरा थांबून पुन्हा टक. उंदीर असेल. किल्ली मागून आणली, दार उघडलं. उंदीर नाही. भांडी जिथल्या तिथं, ज्योत्स्नाची नावं शाबूत. फक्त आतून भट्टीसारखी झळ आली, आणि माझ्या तोंडातलं पाणी एकदम आटलं.

खुशालराव सकाळपासून पाणी मागत आहेत. पितात, पेला खाली ठेवतात, पुन्हा मागतात.

२६ एप्रिल, शनिवार

खुशालरावांना उठवेना. आंघोळीला मी आधार दिला. सदरा काढला तर पाठीवर लाल ठिपके. घामोळं समजलो. मग वाचता आलं.

चि. वच्छला हिस आईकडून. ओळ तिरपी. ‘छ’ची शेपटी घसरलेली.

त्यांना सांगितलं नाही. दुखते का, विचारलं. दुखत नाही, फक्त तहान आहे, म्हणाले.

पार्बताबाईंनी पीठ मळता मळता सांगितलं. त्यांची आई या घरी कामाला होती. खुशालरावांच्या बहिणीचं लग्न निघालं, आंदणात हीच भांडी द्यायची ठरली. वच्छला नाव घासू देईना. मायच्या हातचं हाय, म्हणे. सासूनं तिला भांड्यांसकट कोठीत घातलं, कबूल होईपर्यंत. मे महिना. किल्ली खुशालरावांकडं. ती आतून गुंडांवर ठोकत राहिली, पाणी द्या म्हणून. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. इतके गुंड, भाऊ, अन् एकातही थेंब नाही, असं बाई म्हणाल्या. लग्न मोडलं, भांडी तिथंच राहिली.

मग म्हणाल्या, तुमी काहून घासलं? आता तरी चांदूर बाजारले पोचवून द्या.

मी म्हणालो, केलेलं काम मी उलटं करत नाही.

२७ एप्रिल, रविवार

पोटावर. दंडांवर. तळपायांवर. जितक्या भांड्यांवरून मी ते नाव घासलं तितक्या जागा तिला पाहिजेत. भांड्यावर जागा नाही — तिथं मी ज्योत्स्नाचं नाव घातलं —

बंडूला फोन केला. तो अन् ज्योत्स्ना दुपारी पोचले. डॉक्टर ऊन लागलं म्हणाले. संध्याकाळी खुशालराव गेले. हातात भरलेला पेला होता. ओठ उकललेले, जीभ काळी. तळहातावरची ओळ अर्धी होती, आमच्या डोळ्यांदेखत पुरी झाली. बंडू बाहेर पळाला.

माझं तोंड सकाळपासून कोरडं.

२८ एप्रिल, सोमवार

सगळे मसणात गेले आहेत, पार्बताबाई अन् ज्योत्स्ना शेजारणीच्या घरी. बंडूनं किल्ली माझ्यापुढं टाकली, ते पितळ घरात नको म्हणाला. ऑटो सांगितला आहे. चांदूर बाजारला स्वतः नेऊन देतो, केशवरावांच्या पायावर —

कोठीत आलो. गुंड उचलला. मागं दार लागलं.

किल्ली बाहेर, कुलपात. ती फिरल्याचा आवाज ऐकला. घरात कोणी नाही.

फोन वर, चार्जिंगला. वही खिशात होती. दाराखालून पट्टीभर उजेड येतो, त्यात लिहितो.

ज्योत्स्नाचं नाव कुठंच नाही. सगळं पितळ गुळगुळीत. बोट फिरवलं तरी पत्ता लागत नाही. माझ्याहून साफ काम.

गुंड पालथे करून पाहिले. सगळे —

मीच ठोकून राहिलो. टक. टक. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवून गेला.

जीभ टाळूला —

बाकीच्या ओळी खुशालरावांवर झाल्या. एक राहिली. केशवरावांच्या हातात ठेवला होता त्या तांब्याची. तो पायाशी आहे. मी इथं ठेवला नव्हता.

सदऱ्याच्या आत, पाठीवर. दुखत नाही खरंच. टक. चि. झालं. टक. व. झालं. बाई, पुढचं तरी सरळ काढ, शेपटी खाली नको, मी दाखवतो कसं —