साहेबांचं पोट आणि समाधानाचे तीन शब्द

मुलुंड (पूर्व)

ती. शेवंतीमावशी हिस अनुपमाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? काकांचा खोकला थांबला का? आम्ही आता मजेत. (गेल्या आठवड्यात नव्हतो. तेच सांगते.)

मी गोरेगावच्या शब्दकोशाच्या ऑफिसात मराठी माणसांना इंग्रजी शब्द समजावून लिहिते, हे तुला ठाऊक आहे. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे लंडनहून आलेले साहेब ठरवणार होते. माझ्या वाट्याला समाधानाचे शब्द आलेले : सॅटिस्फाइड, कंटेंट, फुलफिल्ड. साहेब म्हणाले, मराठी घरचं जेवण बघायचंय. मी घरातली पहिली पदवीधर, भाषा माणसं जोडते असं मनापासून मानणारी. आणलं त्यांना घरी.

आईने कोंबडी आणून वडे-सागोती केली. आपल्याकडे ताटावर हात आडवा आल्याशिवाय वाढणारी थांबत नाही, तोंडाने पुरे म्हणणं म्हणजे नुसता संकोच. लंडनला हे कुठून माहीत असणार! चार वड्यांनंतर साहेब म्हणाले, सॅटिस्फाइड. मी आईला अर्थ सांगितला, गरज भागली.

"गरज भागली गो, पण आवड रवली मा!" आणखी दोन वडे पडले.

मग साहेब म्हणाले, कंटेंट. म्हटलं, आहे त्यात सुख मानणं, जास्त न मागणं. आईचे डोळेच भरले. "बिचारो, मागूक लाजता." वाटीभर रस्सा. घाम पुसत त्यांनी फुलफिल्ड काढला. तो शब्द पोटाला लागत नाही, आयुष्य सार्थकी लागलं की वापरतात, असं मी सांगितलं. (खोटा अर्थ सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही.)

"मगे लागांदे सार्थकी," म्हणत आईने उरलेली सागोती ताटात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी साहेब ऑफिसला आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. वाट लागली म्हणून मी टेबल आवरून ठेवलं. काल आले, जरा सुकलेले. म्हणाले, या शब्दांतला फरक मला जन्मात पहिल्यांदा कळला. आणि मला कायम केलं! मावशी, मी जिन्यातच बसून रडले. याला इंग्रजीत रिलीव्ह्ड म्हणतात. ते समाधान नव्हे, संकट टळल्याचा सुस्कारा.

तुझी,
अनुपमा

ता. क. सुस्कारा जरा घाईचा झाला. उरलेले शब्द शिकायला साहेब रविवारी पुन्हा जेवायला येतायत. तेवढं आईला कणकवलीला बोलावून घे, काहीही कारण काढ. (फोनवर सांगता येत नाही, आमच्या एका खोलीत सगळं ऐकू जातं.)

ता. ता. क. शेवंती, पोरीचा पत्र वाचलंय. मी येतंय, सायबाक घेवन. कोंबो धरून ठेव.