फाटकापुरतं हेल्मेट

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज इथे आखातात, तुबलीच्या वर्कशॉपमध्ये, माझ्याच टेबलाशी बसलेलो असताना, मला तुमचा ओरडा ऐकू आला.

चिपळूणच्या चौकात पोलीस बिनदिव्याची सायकल पकडायचा, आठवतं? दिव्याचा डायनामो लावला की पायडल जड व्हायचं, म्हणून मी चौकाच्या जरा अलीकडे तो चाकाला टेकवायचो आणि पोलीस मागे पडला की काढायचो. एकदा नेमके तुम्ही मागून येत होतात. घरी स्वयंपाकघरात, ताट पुढ्यात असताना म्हणालात, "गाढवा, दिवा काय पोलिसाला ओवाळायला लावतोस?" मी फिसकन हसलो, तर तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. तेव्हा तुमचा रागच आला होता.

इथे मी सेफ्टी ऑफिसर आहे. नियम मीच काढला: हेल्मेट नसेल तर सायकल फाटकातून आतही नाही, बाहेरही नाही. स्टोअरमध्ये निम्मीच हेल्मेटं आली होती, तरी मी थांबलो नाही. आणि काय सांगू, महिनाभर फाटकावरच्या वहीत एकही चूक नाही. साहेबांनी पाठ थोपटली, मी फुगलो.

आज सकाळी शिफ्ट सुटते आणि आमचा वेल्डर, पन्नाशीचा बिहारी माणूस, फाटकापासून शंभर पावलांवर गाडीखाली येतो. मी धावत जातो तर डोकं उघडं. आत्ताच तर हेल्मेट घालून गेला होता. कोपऱ्यावर दुसऱ्या शिफ्टचा फिटर तेच हेल्मेट छातीशी धरून उभा होता. "साब, ये उन्हीं का है. रोज इधर मेरेको देके जाते थे. नहीं तो मैं अंदर कैसे आता?" म्हणजे एक बोडका येत होता, दुसरा बोडका जात होता, आणि मधल्या फाटकावर माझा नियम अगदी नीट पाळला जात होता.

तो अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर नुसतं इंशाल्ला म्हणतात. वाचला तरी नियम मोडला म्हणून नोकरी जाईल की राहील, ते मी काय लिहितो त्यावर होतं.

दुपारी रिपोर्ट पाठवला. 'कामगाराने हेल्मेट घातले नव्हते.' खोटं नाही ते. तुम्हाला लिहिलेला हा कागद मात्र खणातच राहील, कारण बाबा, गेल्याच आठवड्यात मी या खिडकीतून ते हेल्मेट हातोहात जाताना पाहिलं होतं, आणि पडदा ओढून घेतला होता.