कात्रीने कापलेला देठ

मी, निवृत्त प्लंबर, वय सत्त्याहत्तर, डोळ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, कुणाच्या धाकाने वा भुलवणीने नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. लिहिणाऱ्या वकीलबाई आहेत. मी वाटेल ते बोललो तरी शब्द बदलायचा नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात धाकट्या भावाबद्दल जे लिहिलं होतं, ते पान तर आधी फाडावं.

१. राहतं घर मुलगा आणि सूनबाई यांना सारख्या हक्काने. मुलगा म्हणेल, "बाबा, तिचं नाव वेगळं कशाला?" कशाला म्हणजे? तू कायम फिरतीवर. माझा हात धरून मला परसात नेतं कोण?

२. बँकेतली शिल्लक मुलाला. त्यातून माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये.

३. परसबाग, खताचा खड्डा, झारी, खुरपं, सगळं सूनबाईला. याचं कारण सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

जन्मभर मी सेंद्रिय टोमॅटोंचा टेंभा मिरवला. औषधाचा थेंब नाही. कुजलेलं खत आणि लसणाचं पाणी, बस्स. दिसेनासं झाल्यापासून, म्हणजे गेले दोन हंगाम, फळं सूनबाई तोडते आणि टोपली माझ्या मांडीवर आणून ठेवते. गल्लीत वाटतो मी. परवा एका टोमॅटोच्या देठावरून अंगठा फिरवला, तर देठ सपाट कापलेला. मी फळ पेरापाशी मोडून काढतो, सूनबाईलाही तेच शिकवलंय. देठ कात्रीने कापणारा आमच्यात एकच, भिंतीपलीकडचा धाकटा.

"सूनबाई, हे आपल्या झाडाचं नाही."

ती रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, आपल्या सगळ्या फळांत अळी आहे हो. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? काका म्हणाले, माझे घेऊन जा, पण दादाला कळता कामा नये."

धाकटा रासायनिक खत घालतो, औषध फवारतो. त्याच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या देखत, त्याच्या टोमॅटोंना 'विष' म्हणून मी भरल्या ताटावरून उठलो होतो. तेव्हापासून बोलणं बंद. आणि त्याचेच टोमॅटो मी 'माझे शुद्ध' म्हणून वाटत होतो! समोरचा शिंपी मिटक्या मारत म्हणायचा, "आजोबा, या चवीला तोड नाही." मी मोठ्याने सांगायचो, "शेजारचे खाऊन बघ, फरक कळेल." भिंतीपलीकडे ते ऐकू जात असणार. धाकट्याने हूं की चूं केलं नाही. धरणीने पोटात घ्यावं असं झालंय मला. वकीलबाई म्हणतात, हे वाक्य कायद्यात बसत नाही. बसवा.

सूनबाईने बागेत हवं ते करावं. मी मात्र अजूनही फवारलं नसतं. खोड आहे, जात नाही. "मातीतलं तुला काय कळतं" असं तिला उठता-बसता ऐकवलं, ते शब्द मागे घेतो.

४. वडिलांची पान्यांची पेटी, जी भांडणात मी अडवून ठेवली, ती धाकट्याला. हे कलम खोडलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मला साक्षीदार म्हणून धाकटाच हवा. मला दिसत नाही, त्यामुळे सहीआधी सगळं साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावं लागतं. मी मेल्यावर त्याला हे कळून काय उपयोग? त्याने समोर बसून ऐकावं. पेटी आज सकाळीच सूनबाईबरोबर पाठवली आणि निरोप दिला, "येशील का?"

वरील मजकूर वाचून झाला. शिंपी म्हणाला, "आजोबा, चव तर खरीच होती की!" त्यावर कुणी हसलं नाही. तिसरं कलम वाचलं जात असताना धाकटा म्हणाला होता, "पुरे आता, दादा. सही कर." मी म्हणालो, "पूर्ण वाचू दे." शेवटी सहीची जागा मला सापडेना, तेव्हा त्याने माझं मनगट धरून पेन तिथे टेकवलं, आणि सही झाल्यावरही सोडलं नाही.

सही : (वाकडी आहे, माझीच आहे)

साक्षीदार :
१. समोरचा शिंपी
२. धाकटा भाऊ, राहणार भिंतीपलीकडे

ठिकाण : राहत्या घराचं परसदार
तारीख : हंगामाच्या शेवटच्या तोडीचा रविवार