फलकाची गाठ

९ जानेवारी

सामान आलं. हमालांनी कपाट जिन्यात अडकवलं आणि तसंच सोडून जेवायला गेले. तासभर कपाटाच्या वर मी आणि नवरा, कपाटाच्या खाली आमची कन्या मिरची. वय तेरा, आवाज तिसाचा. खालून ओरडली, "नव्या राज्यात आपलं हार्दिक स्वागत!" दोन घरांची दारं उघडली आणि बंद झाली. ओळख झाली म्हणायची.

पुस्तकांचं एक खोकं भिजलं. क्रांत्यांचे इतिहास लगदा, पाककृतींचं पुस्तक कोरडं ठणठणीत. 

स्टूल शाबूत. एकोणीस वर्षं ज्याच्यावर उभी राहून सभांत बोलले, ते. एक पाय अजून डगमगतो. लग्नाआधी ते हा नवराच उचलून आणायचा – मी बुटकी, मागच्यांना दिसत नसे – आणि माझं भाषण संपेपर्यंत तो पाय बुटानं दाबून उभा राहायचा. आज त्यानं ते स्वयंपाकघरात उंच फळीखाली ठेवलं. "डबे काढायला बरं." मी हो म्हटलं.

शब्द दिलाय. एक वर्ष कुठल्याही गेटवर, चौकात, सभेत तोंड उघडायचं नाही. माझ्या जिभेनं त्याच्या दोन नोकऱ्या खाल्ल्या. ही तिसरी.

१० जानेवारी

तो रुजू झाला. बिस्किटांचा कारखाना, पॅकिंग विभागाचा सुपरवायझर. हाताखाली चाळीस बायका. जूनपर्यंत कच्चा, नंतर पक्का – तेही मर्जी असेल तर. घाबरलेला दिसला. नवा शर्ट गळ्याशी घट्ट होत होता.

१७ जानेवारी

नळवाला आला. इथली भाषा मला ओ की ठो कळत नाही. ज्या बाईचं भाषण लिहून घ्यायला पोलिस माणूस पाठवत, तिनं आज "गळतं" हे हातवारे करून सांगितलं. मिरची शाळेतून आली आणि आठवडाभरात तिथे उचललेल्या एका वाक्यात काम उरकलं. वर मला – "आई, केवढी हलतेस! सभा नाहीये ती, नळ आहे."

२५ जानेवारी

खालच्या मजल्यावरची शेजारीण मला इथली भाषा शिकवायला तयार झाली. याच्याच विभागात पॅकिंगला आहे. पस्तिशीची, काटक, हसताना तोंडावर हात. आमच्या घरात पाय टाकत नाही – "साहेबांचं घर, ताई." मग जिनाच वर्ग. अठरा पायऱ्या, संध्याकाळी एका पायरीला एक शब्द. मीठ. खिळा. कुलूप. ओला. चुकले की मागच्या पायरीवर पाठवते! उभ्या आयुष्यात मला कुणी असं मागे पाठवलं नव्हतं. तिचं बोलणं इथे आपल्या भाषेतच लिहिते.

२ फेब्रुवारी

रविवार. यानं कारखान्याच्या सुताराकडून दोन लाकडी चकत्या करून आणल्या. बशीएवढ्या, भोक पाडलेल्या. "याला जाड दोरी बांधून दे. तुझी गाठ सुटत नाही." मी वाचत होते. पुस्तकातून नजर न काढता बांधून दिल्या. फलक बांबूला बांधतो ती गाठ – दोन वेढे, एक उलटा, दातानं ओढायची. वाऱ्यातही हलत नाही. कशाला हव्यात, विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारी मी!

९ फेब्रुवारी

एकशे दहा शब्द झाले. विशेषणं जवळजवळ नाहीतच. इतकं स्वच्छ मी कधी बोलले नव्हते.

२० फेब्रुवारी

आज वर्ग झाला नाही. खालची पहिल्याच पायरीवर बसलेली, कारखान्याचा अ‍ॅप्रन तसाच अंगात. रडवेली. अ‍ॅप्रनच्या खिशातून एक चकती काढली. चुकून घरी आली होती.

"तिथे आज एकच उरलीय, ताई. चाळीस जणी आणि एक चकती. उद्या मला फाडून खातील."

कसली चकती? मग तिनं सांगितलं, हळू, माझ्याकडे न बघता. संडासला जायचं तर खिळ्यावरची चकती गळ्यात घालून जायचं. चकत्या दोन. दोन्ही बाहेर असतील तर थांबायचं. गळ्यात घातलेली बाई लांबून दिसते, किती वेळ लागला तेही दिसतं. परत आल्यावर पुरुष हसतात.

"कुणी काढलं हे?" माझा आवाज चढला. जिना दणाणला.

तिनं दोरी बोटाला गुंडाळली. मला तेव्हा कळलं की मूर्ख प्रश्न विचारलाय. तिच्या हातातली दोरी बघितली. दोन वेढे, एक उलटा. दातांची खूण अजून होती.

चकती तिला परत दिली. वर आले. भाजी चिरली.

२१ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मिरची शाळेत गेल्यावर.

"दोन वाटा दिल्या होत्या मॅनेजरनं," तो म्हणाला. "तीन बायका कमी कर, नाहीतर वाया जाणारा वेळ कमी कर. मी बायका वाचवल्या."

"कुठल्या तीन?"

"खालची पहिली."

"आणि गळ्यात घालायची अक्कल?"

"ती मॅनेजरची." डब्याचं झाकण लावलं – "मी नाही म्हटलं नाही."

माझ्याकडे या माणसासाठी अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. मुद्देसूद, चढत जाणारं, शेवटी टाळ्यांची जागा. ते तयारच राहिलं. दोरीला दात माझे होते.

तो डबा घेऊन गेला. चहा तसाच राहिला.

२६ फेब्रुवारी

मिरचीनं जिन्यात बढाया मारल्यात. "माझी आई बोलायला लागली की गेट हलतं!" खालचीनं आज धीर करून विचारलं, "ताई, आमच्यासाठी बोला ना. शिफ्ट सुटायच्या वेळी पाच मिनिटं. आम्हाला बोलता येत नाही, सगळ्या एकदम बोलतो."

मी सांगितलं, ती गाठ मी बांधलीय.

तिनं तोंडावर हात धरला. "म्हणूनच सुटत नाही! आम्ही दोघीजणींनी सोडवून बघितली, नख तुटलं माझं."

हसलो दोघी. मग मी नाही म्हटलं. कारण सांगितलं – शब्द दिलाय, त्याची नोकरी आहे, जून आहे. सगळी खरी कारणं. आयुष्यभर व्यासपीठावरून ज्या कारणांची सालटी काढली, तीच. एकेक करून तिच्यापुढे मांडली, तिच्याच भाषेत, तिनेच शिकवलेल्या शब्दांत.

ती म्हणाली, "बरं ताई." आणि मला पुढची पायरी दिली. शब्द – दार.

४ मार्च

मिरची: "आई, तू आजारी आहेस का? तीन दिवसांत कुणाला नावं ठेवली नाहीस."

११ मार्च

खालचीला दुपारी कामावरून सरळ दवाखान्यात नेलं. पॅकिंगच्या पट्ट्यासमोरच कोसळली, ताप एकशे चार. मी संध्याकाळी गेले. सहा खाटांची खोली, खिडकीला पडदा नाही. लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टरीणबाई वैतागली होती – "पाणी का पीत नाही तुम्ही? या महिन्यात तुमच्या कारखान्यातली ही चौथी!"

पाणी का पीत नाही. सोपं आहे. प्यायलं की जावं लागतं. जायचं तर गळ्यात घालावं लागतं.

खालचीनं डोळे उघडले. मला बघून म्हणाली, "आजची पायरी राहिली."

आजचे शब्द तिथेच घेतले. सलाईन. ताप. लाज.

१२ मार्च

दिवसभर घर पुसलं. पुसलेलं परत पुसलं. संध्याकाळी तो आला, बूट न काढता दाराशीच उभा राहिला. म्हणाला, "तिची जागा रिकामी आहे. पट्ट्यावरून पुडे नुसतेच पुढे जातात." मग हात धुवायला गेला.

१३ मार्च

नाश्त्याला सांगितलं. मिरचीसमोर, म्हणजे साक्षीदार राहील.

"उद्या सकाळी सातला, शिफ्ट बदलताना, मी गेटवर बोलणार आहे. शब्द मोडतेय. चोरून मोडत नाही, सांगून मोडतेय. गाठ माझी आहे हे आधी सांगेन. चकती तुझ्या हातची आहे हेही सांगावं लागेल. आणि तीन बायकांचंही – म्हणजे मॅनेजरला बंद दाराआड ते करता येणार नाही."

तो पावाला लोणी लावत होता. लावतच राहिला. एकाच जागी.

मिरची म्हणाली, "आपण परत सामान बांधायचं का?"

खोकी माळ्यावर आहेत, फाडलेली नाहीत. मला ठाऊक आहे, त्यालाही.

भाषण लिहायला बसले. माझ्याकडे इथल्या भाषेतले दोनशे सत्तर शब्द आहेत. मीठ, खिळा, पाणी, दार, लाज. मोठे शब्द सगळे घरी राहतील. लिहून झालं तेव्हा जेमतेम एक पान भरलं. मिरचीनं वाचलं, दोन चुका काढल्या. "बरंय," म्हणाली. "यात हलायची गरज नाही."

१४ मार्च

सहाला स्वयंपाकघरात गेले. स्टूल नाही! फळीखाली नाही, पलंगाखाली नाही, गॅलरीत नाही. तोही घरात नाही. लपवलं – एकोणीस वर्षांत त्याच्यावर इतकी चिडले नव्हते. मिरचीला गदागदा हलवून उठवलं.

"बाबानं नेलं गेटवर," ती पांघरुणातूनच म्हणाली. "लवकर ये म्हणाला. स्टुलाचा पाय दाबून उभा राहणार आहे."